तोलदोरी

पहिल्यांदा तिनं त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर बूम होता, दोन्ही हातांत दोरी होती आणि तोंडात एक शिवी होती. तिला पाहून ती शिवी त्यानं अर्ध्यातच गिळली.

बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला बांधलेली आडवी काठी. बोट लहान असली तरी ही काठी चांगली मनगटाएवढी जाड असते, आणि शीड चढवताना नि उतरवताना कुणालातरी ती तोलून धरावी लागते. एकदा शीड वर गेलं, वाऱ्यानं ताठ झालं, की तेच बूमला उचलून धरतं. मग कुणाची गरज नाही. पण तोवर बूमचा सगळा भार शिडाच्या शिवणीवर पडतो, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. एरवी हे काम एक बारीक दोरी करते. डोलकाठीच्या शेंड्यावरून निघून ती बूमच्या टोकाला बांधलेली असते. तिच्या वडिलांच्या शिडांच्या कारखान्यात सगळे या दोरीला तोलदोरी म्हणत. त्या संध्याकाळी त्याच्या बोटीची तोलदोरी शेंड्याजवळ झिजून तुटली होती, आणि हा गृहस्थ डोक्यानं बूम पेलत दोन्ही हातांनी शीड ओढत होता.

ती धक्क्यावर उभी राहून हसली. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण खांद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी शीड पोचवायला घेतलेलं होतं, त्यामुळे तोंडावर धरायला हात मोकळा नव्हता.

"हसायला काय झालं?" तो म्हणाला. मान वळवता येत नसल्यामुळे त्यानं फक्त डोळे वळवले.

"काही नाही... टोपी छान आहे."

"हो ना. जरा जड आहे एवढंच." असं म्हणून त्यानं दोरीला हिसका दिला, आणि तिचं हसू एकदम मावळलं.

"अहो, असं ओढू नका! मागची कड बघा कशी ताणलीय. शिवण उसवेल!"

"शिवणीची काळजी? माझ्या डोक्याची नाही?"

"डोकं तुमचं आहे. शिवण माझी आहे."

खरंच तिची होती. गेल्याच महिन्यात वरच्या मजल्यावर, कारखान्याच्या लाकडी जमिनीवर गुडघे टेकून, मेण लावलेल्या दोऱ्यानं तिनं ती कड शिवली होती. शीड कुणाचं, हे तिनं विचारलं नव्हतं. आता कळलं. फेरीबोटीच्या इंजिनांवर काम करणारा तो मेकॅनिक – ज्याला तिची आत्या खिडकीतून बघून 'तो तेलकट' म्हणायची – त्याचं.

तिनं खांद्यावरचं शीड धक्क्यावर ठेवलं, चपला काढल्या आणि बोटीत उतरली. त्याच्या डोक्यावरचा बूम उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"ओढा आता. सावकाश."

"धरलात?"

"धरला."

त्यानं ओढलं. पांढरं कापड फडफडत वर गेलं, आणि शेवटच्या दोन हातांत ती गंमत झाली – वारा शिडात शिरला, आणि खांद्यावरचं ओझं आपोआप उचललं गेलं. कुणी तरी हलकेच काढून घ्यावं तसं. ती तशीच खांदा पुढे करून उभी राहिली. खांद्यावर काही नव्हतं, तरीही.

"झालं," तो म्हणाला. "आता सोडलात तरी चालेल."

"सोडलाच आहे," ती म्हणाली, आणि आपण का लाजतोय हे तिला कळेना.

* * *

वडील तिला सुई म्हणत. लहानपणापासून बारीक, आणि बोलायला लागली की टोचणारी. आई लवकर गेलेली. घरात वडील, आत्या आणि ती. खाली सामानाची खोली, वर कारखाना. एवढी मोठी जमीन की अख्खं शीड पसरता यावं, आणि त्या जमिनीवर चप्पल घालून पाऊल टाकलं की वडिलांचा ओरडा ठरलेला. धक्क्याच्या बाजूला चार खिडक्या. वडिलांचे गुडघे दुखत, त्यामुळे ते फारसे खाली उतरत नसत. खिडकीजवळच्या बाकावर बसून, सुई टोचू नये म्हणून तळव्यावर चामड्याचा पंजा चढवून, दिवसभर जाड कापडाला टाके घालत.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"सुईबाई!"

तिनं खाली डोकावलं. "माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्ख्या धक्क्याला ऐकू जातं तुमच्या बाबांचं हाक मारणं. जरा खाली येता का? बूम धरायला."

"का? डोकं कुठं गेलं?"

"डोक्याला टेंगूळ आलंय. आणि शिवण तुमची आहे... म्हणून म्हटलं."

आत्या मागून म्हणाली, "जा बाई जा. शिवणीचा प्रश्न आहे." आत्याच्या बोलण्यात नेहमीच एक टाका जास्तीचा असायचा.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर तो इंजिनांच्या खोलीत असायचा, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. त्यामुळे संध्याकाळी त्याला शिडाचीच बोट लागायची. "इथं काही बोलत नाही," तो म्हणायचा. "नुसती पाण्याची चुळबुळ."

"मी बोलते की."

"तुमचं चालतं."

ती बूम धरायची, तो शीड चढवायचा. मग ते खाडीच्या तोंडापर्यंत जायचे, लाल रंगाच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत. परत आल्यावर पुन्हा तेच – तो विचारायचा, "धरलात?" ती म्हणायची, "धरला." आणि तो हाताहातानं दोरी सोडायचा. बूम पुन्हा तिच्या खांद्यावर यायचा, आणि मागोमाग ते सगळं कापड तिच्या अंगावर कोसळायचं. मिठाचा वास, उन्हाचा वास, मेणाचा वास. त्या पांढऱ्या अंधारात ती एकटीच उभी असायची, मग त्याचे हात घड्या गोळा करत करत तिच्यापर्यंत यायचे. कापड बाजूला सारून तो विचारायचा, "आहात ना?"

"जाणार कुठं? खांद्यावर एवढा सोटा आहे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे त्याचं झालं. ती मात्र 'अहो'वरच राहिली. त्या काळी मुली राहायच्या.

एकदा तिनं विचारलंही, "तोलदोरी का नाही लावून घेत तुम्ही? बाबा तासाभरात करून देतील."

तो दोरीची गाठ सोडवत होता. बराच वेळ सोडवत राहिला.

"वेळच मिळत नाही गं. डोलकाठी आडवी करायची, शेंड्याला दोरी ओवायची... दिवसभर फेरीबोटीनं जीव खाल्लेला असतो."

त्याचे कान लाल झाले होते. उन्हानं झाले असतील, असं तिला वाटलं. लोकांची इंजिनं तेलपाणी घालून चकचकीत ठेवायची आणि स्वतःच्या बोटीकडे बघायला सवड नाही... पुरुष असेच, ती मनात म्हणाली. थोडी सुखावलीही. कारण दोरी नाही म्हणून तर ती होती.

* * *

उन्हाळा सरत आला तसा वारा फिरला. संध्याकाळी बारीक भुरभुर यायची, धक्क्याचे दगड काळे व्हायचे. अशाच एका संध्याकाळी ते परत आले. बूम तिच्या खांद्यावर होता, शीड अर्धं उतरलेलं, आणि तो मध्येच थांबला.

"का थांबलात? जड होतंय."

"मोठ्या बंदरातून बोलावणं आलंय. जहाजांच्या इंजिनांवर. कायमचं काम."

ती लगेच म्हणाली, "मग? पेढे कुठायत?"

"या आठवड्यात हो की नाही सांगायचंय." त्यानं दोरी हाताला गुंडाळली, परत सोडली. "त्याआधी... तुला एक विचारायचं होतं."

"विचारा."

"आत्ता नको."

"का?"

"आत्ता तुझ्या खांद्यावर बूम आहे. माणसाला अडवून काही विचारू नये. हात मोकळे असतील तेव्हा विचारीन. उद्या."

आणि त्यानं उरलेलं शीड इतकं भराभर सोडलं, की कापडाखाली ती किती वेळ हसत उभी होती ते त्याला दिसलंच नाही.

त्या रात्री ती काय झोपली असेल! पहाटेच उठली. आत्या घोरत होती. कारखान्यात जाऊन तिनं सगळ्यात चांगली दोरी निवडली – मऊ, पांढरी, पीळ घट्ट बसलेला. टोकाला पितळी कडी घालून दोरीचे पदर एकमेकांत विणले, वर मेणाचा दोरा गुंडाळला. टाका न् टाका मोजून घातल्यासारखा. हात मोकळे असतील तेव्हा विचारीन म्हणाला ना? मग घे, हात मोकळे करूनच येते. त्याला 'हो' म्हणायची ही तिची रीत होती. शिडं शिवणाऱ्याची मुलगी, तिला दुसरी कुठली येणार?

दुपारी तो कामावर असताना तिनं तिकीटखिडकीवरच्या कारकुनाला मदतीला घेतलं. बोटीची डोलकाठी तशी हलकीच. दोघांनी मिळून आडवी केली, शेंड्याला दोरी ओवली, पुन्हा उभी केली. दोरीचं खालचं टोक तिनं बूमला अडकवलं आणि ताणलं. बूम उचलला गेला आणि हवेत स्थिर राहिला. कुणीही न धरता.

संध्याकाळी तो आला. धुतलेला सदरा, नखांतलं तेल घासून काढलेलं. धक्क्याच्या पायऱ्यांवर त्याची पावलं थांबली. तो बोटीकडे बघत होता. बूमकडे. मग दोरीवरून त्याची नजर वर वर शेंड्यापर्यंत गेली.

"हे... कुणी केलं?"

"मी." ती बोटीतच उभी होती, दोन्ही हात पुढे करून. "बघा. हात मोकळे! आता तुम्हाला माझी गरज नाही."

ती हसत म्हणाली. डोळे मोठे करून, मान तिरकी करून म्हणाली. हे वाक्य तिनं दुपारभर घोळवलं होतं. त्यावर तो 'आहे' म्हणणार होता. दुसरं काय म्हणणार?

तो म्हणाला, "बरं केलंस."

एवढंच.

ते निघाले. शीड चढवताना त्यानं 'धरलास?' विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. शीड वर गेल्यावर तोलदोरी ढिली सोडायची असते, नाहीतर शिडात वारा नीट भरत नाही. त्यानं ती बरोबर सोडली. तरबेज हातानं, जणू कित्येकदा केलंय. पिंपाला वळसा घालून ते परत आले. तो पाण्याकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. परतल्यावर शीड आपलं आपण घड्याघड्यांनी बूमवर उतरलं. तिच्या अंगावर आलं नाही.

ती मोकळे हात घेऊन उभी राहिली. एक क्षण. दुसरा क्षण.

"काहीतरी विचारायचं होतं ना तुम्हाला?"

तो शिडाला दोरी गुंडाळत होता. "हं? ... काही नाही. शिडाची घडी कशी घालायची, तेच विचारायचं होतं."

"ती तर तुम्हाला येते."

"हो," तो म्हणाला. "येते खरी."

चौथ्या की पाचव्या दिवशी तो गेला. फेरीबोटीच्या मागच्या बाजूला उभा होता म्हणे. ती खिडकीत गेली नाही. आत्यानं येऊन सांगितलं, "गेला गं तुझा तेलकट. खिडकीकडे बघत होता. हात तरी हलवायचास."

"मी कशाला हलवू? त्याला विचारायचं होतं, त्यानं विचारलं नाही. मी काय त्याच्या पाठीमागे धावू?"

आणि जाड सुई कापडात इतक्या जोरानं खुपसली, की ती पंजातून निसटून तळव्यात गेली. रडायला एक कारण मिळालं. वडिलांनी हातावर फडकं बांधून दिलं.

* * *

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा गावातल्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. हळू बोलायचा, मिशीतल्या मिशीत हसायचा. नाव ठेवायला जागा नव्हती. आत्या म्हणाली, "ह्याच्या हातालाही रंगच असतात, पण निदान धुतले की जातात."

तयारी होत आली होती. त्याच दिवसांत तिकीटखिडकीवरचा कारकून बोट घेऊन आला. मेकॅनिकनं जाताना ती त्यालाच देऊन टाकली होती. "नवीन शीड शिवायचंय," तो म्हणाला. बोट खालच्या खोलीत ओढून ठेवली. माप घ्यायला ती आत उतरली, आणि फूटपट्टी हातातून निसटून बसायच्या फळीखालच्या खणात गेली. तिनं खणात हात घातला. हाताला दोरी लागली.

गोल वेटोळं केलेली, मधोमध नीट बांधलेली तोलदोरी. टोकाला पितळी कडी. पदर विणलेले, त्यावर मेणाचा दोरा. तो दोरा डावीकडून गुंडाळलेला होता. डावीकडून गुंडाळणारा माणूस सगळ्या बंदरात एकच.

दोरी जशीच्या तशी होती. एकदाही ओढलेली नव्हती. कडीवर साधा ओरखडा नव्हता.

ती जिना चढून वर गेली. चपला काढायच्या विसरली, आणि वडील ओरडले नाहीत, कारण त्यांनी तिच्या हातात काय आहे ते पाहिलं.

"बाबा, ही तुमची?"

"माझीच की. मेकॅनिकला करून दिलेली."

"कधी?"

"अगं, त्याची तुटली ना, त्याच आठवड्यात. तू शिडं पोचवायला गेली होतीस. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला, पैसेही चुकते केले."

तिला बसावंसं वाटलं, पण ती उभीच राहिली. "मग... लावली का नाही त्यानं?"

वडिलांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर पाहिलं. तिथून धक्का दिसत होता, आणि जिथं ती रोज खांद्यावर बूम घेऊन उभी राहायची ती जागाही.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," ते म्हणाले. "रोज बघायचो मी इथून. दोरी खणात ठेवायची आणि पोरीच्या खांद्यावर सोटा द्यायचा... मला हसू यायचं. म्हटलं, तो काही बोलत नाही, ही काही बोलत नाही. आपण म्हाताऱ्यानं मध्ये कशाला बोलायचं? होईल आपोआप."

आत्या दारात येऊन उभी होती. तिनं वाकून भाचीच्या पायातल्या चपला काढून घेतल्या.

आता तिला सगळं उमगलं. ते लाल कान. गाठ सोडवत काढलेला वेळ. आणि धुतलेला सदरा घालून तो पायऱ्यांवर आला, तेव्हा त्याला काय दिसलं तेही. त्याला वाटलं, हिला कळलंय. दोरी आहे, खणात आहे, रोज आपल्याला उगाच उभं करतोय – आणि विचारायच्या आधीच हिनं उत्तर शेंड्याला बांधून ठेवलंय. वर हसून सांगतेय, की माझी गरज नाही.

लग्न तोंडावर आलं होतं. चित्रकलेच्या मास्तरांनी काय बिघडवलं होतं तिचं? तिनं ती दोरी शिवणाच्या पेटीत तळाशी ठेवली, आणि कारकुनाच्या शिडाचं माप लिहून घेतलं.

* * *

संसार चांगला झाला. मास्तर होते तोवर त्यांनी तिला कधी दुखावलं नाही, आणि तिनंही त्यांना. वडील गेले, आत्या गेली, मास्तरही गेले. कारखाना ती चालवत राहिली. कारकुनाला बोटीचा कंटाळा आला तेव्हा त्यानं ती खालच्या खोलीतच सोडून दिली, आणि तिनं ती फळी फळी बदलून जिवंत ठेवली. धक्क्यावरच्या मुली तिच्याकडे शीड चढवायला शिकायच्या. ती त्यांना ओरडायची, "अगं, आधी तोलदोरी ताण! मग ओढ!"

एका संध्याकाळी ती धक्क्यावर बोट बांधत होती. शीड अजून वरच होतं. पायऱ्यांवर दोन माणसं थांबली. बाई गुटगुटीत, हातात पिशवी. शेजारी काठी टेकत एक म्हातारा. कान मोठे. उन्हात ते लालसर दिसत होते.

"सुईबाई," तो म्हणाला.

तिच्या हातातली दोरी थांबली.

"बोट अजून आहे!" तो म्हणाला.

"बोटीला कुठं जायचं होतं?"

बाईनं हसून ओळख करून दिली – स्वतःचीच. मुलाकडे कायमचं राहायला निघाले होते, बरंच लांब. वाटेत फेरीबोट बदलायला थांबले, तर ह्यांना धक्का बघायचा होता. "तुमच्या बाबांच्या कारखान्याचं फार सांगतात हे." बाई पायरीवर बसली, गुडघे चोळले. "जाऊन या हो तुम्ही बोटीत. मला नाही जमायचं. आणि सुईबाई, ह्यांना काही उचलू देऊ नका हं, कंबर धरते."

तो सावकाश उतरला, समोरच्या फळीवर बसला. वर बघितलं. शेंड्यावरून ढिली सुटलेली पांढरी दोरी वाऱ्यानं हलत होती.

"ही ती नसणार."

"ती कशी टिकेल? कितीदा बदलली. पण गाठ मीच मारते."

पायरीवरून बाई सांगू लागली, "आमच्याकडेही होती हो अशी बोट. पण पहिल्या दिवसापासून ही दोरी लावलेली. मी म्हणायची, मी धरते की ती काठी! तर नाही. मला कधी हात म्हणून लावू दिला नाही त्या काठीला."

तो पाण्याकडे बघत राहिला. तीही. बोटीखाली पाण्याची चुळबुळ चालली होती.

मग तो हळूच म्हणाला, बाईला ऐकू जाणार नाही असं. "फार लाज वाटली होती मला त्या दिवशी. तुला कळलं म्हणून."

"काय कळलं?"

"दोरी खणात आहे ते. तुझ्या बाबांनी सांगितलं असणार, असं वाटलं."

"मला काही माहीत नव्हतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "माहीत नव्हतं?"

"नंतर कळलं. फार नंतर."

"मग... मग ती दोरी का केलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना. हात मोकळे असतील तेव्हा विचारीन."

"मी म्हणालो होतो असं?"

तिला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत तिनं सगळं रडून घेतलंय. पण हे राहिलं होतं. ज्या वाक्यावर तिनं पहाटे उठून दोरी विणली, ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

"म्हणाला होतात," ती म्हणाली.

"आणि 'गरज नाही' म्हणालीस ते?"

"तुम्ही 'आहे' म्हणावं म्हणून."

त्यानं डोळे मिटले. दोन्ही हात गुडघ्यांवर होते; नखांच्या कडेला काळी रेघ अजून तशीच. आयुष्यभर घासूनही न गेलेली.

धक्क्यापलीकडे फेरीबोटीचा भोंगा वाजला. "अहो," बाई पायरीवरून म्हणाली, "पहिला भोंगा झाला! चला आता!"

"आलो," तो म्हणाला. पण उठला तो पायऱ्यांकडे गेला नाही. बूमच्या टोकाशी गेला आणि तोलदोरीची कडी काढली. दोरी सुटून डोलकाठीपाशी जाऊन लोंबली. मग त्यानं शिडाची दोरी हातात घेतली.

तिच्या उजव्या खांद्याला वात होता. डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं. ती बूमखाली जाऊन उभी राहिली.

"धरलास?" त्यानं विचारलं.

"धरला."

त्यानं दोरी सोडायला सुरुवात केली. इतकी सावकाश कुणी सोडत नाही. शीड इंचाइंचानं खाली येत होतं, बूमचं वजन कणाकणानं खांद्यावर उतरत होतं, आणि खांदा दुखत होता. मग कापड आलं. मिठाचा वास, उन्हाचा वास. त्या पांढऱ्या अंधारात ती म्हातारपणी पुन्हा उभी राहिली आणि वाट बघू लागली – घड्या गोळा करत येणाऱ्या हातांची.

हात आले. कापड थोडंसं बाजूला झालं.

"आहेस ना?" तो म्हणाला.

"आहे," ती म्हणाली.

दुसरा भोंगा झाला. त्यानं कडी उचलली, बूमला पुन्हा नीट अडकवली, दोरी ताणली. तिच्या खांद्यावरचं ओझं उचललं गेलं. तो काठी टेकत पायऱ्या चढला, बाईनं त्याच्या कोपराला हात दिला, आणि दोघं फेरीबोटीकडे चालू लागली.

या वेळी तिनं हात हलवला. फेरीबोट लाल पिंपाच्या पलीकडे जाईपर्यंत हलवत राहिली. दोन्ही हात मोकळे होते.